वय नंतर विचारा, आधी लायसन्स

नवी मुंबईच्या बोनकोड्यातल्या एखाद्या चोवीस वर्षांच्या मुलाने घरात सांगून बघावं, की मला गाड्यांच्या शर्यतीत उतरायचं आहे. घरचे दोन वाक्यांत निकाल लावतात. पहिलं : हे पैसेवाल्यांचं काम. दुसरं : आता वय राहिलं नाही. पहिल्या वाक्यात बरंच तथ्य आहे. दुसरं अर्धवट माहितीवर उभं आहे, आणि या आठवड्याचा लेख त्या दुसऱ्या वाक्याच्या विरोधात आहे.

मोटार रेसिंग म्हटलं की आपल्याला फक्त फॉर्म्युला वन आठवतं. तिथे वयाचा हिशेब खरोखर कठोर आहे. मॅक्स व्हर्स्टॅपन २०१५ मध्ये पहिल्या फॉर्म्युला वन शर्यतीत उतरला तेव्हा सतरा वर्षांचा होता. लुईस हॅमिल्टन आठव्या वर्षी कार्टमध्ये बसला. आपल्या मुंबईचा जेहान दारूवाला २०११ साली, तेराव्या वर्षी, सहारा फोर्स इंडियाच्या गुणवत्ता-शोधातून निवडला गेला. २०२० मध्ये फॉर्म्युला टूची शर्यत जिंकणारा तो पहिला भारतीय ठरला. एवढं करूनही फॉर्म्युला वनच्या शर्यतीत त्याला जागा मिळाली नाही. त्या जगात तेरावं वर्षही लवकर म्हणत नाहीत.

तेव्हा हे स्पष्ट सांगून टाकू. चोविसाव्या वर्षी सुरुवात करणारा मुलगा फॉर्म्युला वनमध्ये जाणार नाही. जाशील असं सांगणारा प्रशिक्षक भेटला, तर त्याचा डोळा पैशावर आहे असं समजावं. पण फॉर्म्युला वनमध्ये जागा असतात किती? साऱ्या जगात मिळून दोन डझनांच्या आत. भारतीय संघात न पोचलेल्या रणजीपटूला आपण क्रिकेटपटूच म्हणतो. शर्यतीच्या बाबतीत मात्र शिखर गाठता येणार नाही म्हणून डोंगराकडेच पाठ फिरवतो. हा अन्याय आहे आणि तो आपण आपल्याच मुलांवर करतो.

पुण्याची डायना पंडोले बघा. शिक्षिका म्हणून काम केलेली, दोन मुलांची आई. २०१८ मध्ये जेके टायरच्या महिलांसाठीच्या निवड कार्यक्रमातून ती रेसिंगमध्ये आली. लहानपणापासून कार्ट, परदेशी अकादमी, यातलं काही तिच्या वाट्याला आलेलं नव्हतं. सहा वर्षांनी, ऑगस्ट २०२४ मध्ये, चेन्नईजवळच्या मद्रास इंटरनॅशनल सर्किटवर तिने एमआरएफ राष्ट्रीय कार रेसिंग स्पर्धेत सलून, म्हणजे बंद गाड्यांच्या, गटाचं अजिंक्यपद जिंकलं. कार रेसिंगचं राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. महिलांसाठी वेगळा गट नव्हता. ती पुरुषांच्या बरोबरीने पळाली आणि पुढे राहिली. त्यानंतर फेरारीच्या आंतरराष्ट्रीय मालिकेपर्यंत तिची मजल गेली.

मुलींना आपल्याकडे वयाची मर्यादा दोनदा लागते. एकदा जन्मतारखेने आणि एकदा लग्नाने. मूल झालं की तिसऱ्यांदा. डायनाच्या जेतेपदाने या तिन्ही मर्यादा खोट्या पाडल्या. त्यामुळे मुलीने विषय काढला की 'तुझ्या पदरी मूल आहे' हे उत्तर आता चालणार नाही.

दुसरं नाव आशिष रावराणे. मर्चंट नेव्हीत नोकरी करणारा मराठी माणूस. मोठ्या कंपनीच्या संघाचं पाठबळ नसताना, खासगी स्पर्धक म्हणून, २०२१ मध्ये तो सौदी अरेबियातल्या डकार रॅलीत मोटरसायकल घेऊन उतरला. डकार म्हणजे सुमारे दोन आठवडे वाळवंटात रोज शेकडो किलोमीटर. वाटेत गाडी मोडली तर स्वतः दुरुस्त करायची, दिशा स्वतः शोधायची. इथे विशीतला जोश दोन दिवस पुरतो. पुढचे दिवस काढायला शिस्त, झोपेचं गणित आणि यंत्राची जाण लागते. समुद्रावर पाळ्या काढलेल्या माणसाला या गोष्टी वेगळ्या शिकवाव्या लागत नाहीत. उशिरा येणारा माणूस रिकाम्या हाताने येत नाही, हे ध्यानात घ्यायला हवं.

पुण्याच्याच संजय टकले यांनी तर वयाची चर्चाच संपवली. ते उशिरा आलेले नाहीत. तरुणपणापासून ते मोटोक्रॉस आणि रॅलीत आहेत. पण पन्नाशी ओलांडून बरीच वर्षं झाल्यावर, जानेवारी २०२५ मध्ये, ते टोयोटा लँड क्रूझर घेऊन डकार क्लासिकमध्ये उतरले. या प्रकारात नुसता वेग कामाचा नाही. ठरवून दिलेला सरासरी वेग काटेकोर सांभाळायचा असतो. जास्त वेगाला दंड, कमी वेगालाही दंड. डोकं शांत असलेल्या माणसाचा हा खेळ आहे. या खेळात माणूस इतकी वर्षं टिकू शकतो, तर पंचविशी ही सुरुवातीची वेळ का असू नये?

जगाचा दाखला हवा असेल तर तोही आहे. फ्रान्सचा सेबॅस्टियन लोब मुळात जिम्नॅस्ट. विशी उलटल्यावर तो रॅलीत आला आणि २००४ ते २०१२ अशी सलग नऊ वर्षं जगज्जेता राहिला. जपानचा ताकुमा सातो सायकल शर्यती मारायचा. विसाव्या वर्षी त्याने सुझुकाच्या रेसिंग शाळेत नाव घातलं, २००२ मध्ये फॉर्म्युला वनमध्ये पोचला, आणि इंडियानापोलिस ५०० ही शर्यत २०१७ आणि २०२० अशी दोनदा जिंकला. दुसऱ्यांदा जिंकला तेव्हा त्रेचाळीस वर्षांचा होता. स्पेनच्या कार्लोस साइन्झ यांनी २०२४ ची डकार जिंकली ती एकसष्टाव्या वर्षी. ही माणसं असामान्य आहेत, हे मान्य. पण एका गोष्टीकडे लक्ष द्या : यातली बहुतेक उदाहरणं रॅलीची, लांब पल्ल्याची आणि बंद गाड्यांच्या शर्यतींची आहेत. उशिरा येणाऱ्याची वाट त्याच बाजूने जाते.

त्याला कारण आहे. फॉर्म्युला गाडीत वळणावर आणि ब्रेकवर मानेला डोक्याच्या वजनाच्या कित्येक पट ताण सोसावा लागतो. ते स्नायू आणि ती सवय लहानपणापासून घडते. सलून गाडीत हा ताण पुष्कळ कमी असतो. रॅलीत रस्ता वाचण्याला महत्त्व असतं. शेजारच्या सहचालकाच्या नोट्स ऐकायच्या, पुढचं वळण मनात उभं करायचं, गाडी सांभाळून आणायची. चपळ प्रतिक्रिया लागतेच, पण चांगला चालक प्रतिक्रियेवर फार विसंबत नाही; त्याची नजर पुढच्या वळणावर असते. ही नजर तिशीतही घडवता येते.

आता वाटचालीचं बोलू. उत्साहाने पेटलेल्या मुलाची पहिली चूक ठरलेली असते : तो मोठी गाडी किंवा मोठी बाइक घेतो. थांबा. आधी भाड्याने कार्ट चालवा. मुंबई-पुण्याकडे असे ट्रॅक आहेत. कार्टला गिअर नाही, सस्पेन्शन नाही, बूड जमिनीला टेकल्यासारखं असतं. चूक केली की लगेच कळतं. सरळ रेषेत ब्रेक लावा, ब्रेक हळूहळू सोडत गाडी वळवा, वळणाच्या आतल्या टोकाला स्पर्श करून बाहेर या, आणि चाक सरळ होत जाईल तसा वेग द्या. ऐकायला सोपं आहे. हातापायांत उतरायला महिने लागतात.

फेरी संपल्यावर हातात वेळांचा कागद येतो. त्यात सगळे आपली सर्वांत जलद फेरी शोधतात. त्याऐवजी सलग दहा फेऱ्या बघा. दहा फेऱ्यांमध्ये फरक थोडा असेल तर तुम्ही चालक होत आहात. एकच फेरी जलद आणि बाकीच्या विखुरलेल्या असतील तर तो योगायोग होता. प्रशिक्षक याच कागदावरून माणूस ओळखतो.

सिम्युलेटरला हसू नका. ब्रिटनचा यान मार्डनबरो २०११ मध्ये निसानच्या जीटी अकॅडमीतून, म्हणजे प्लेस्टेशनवरच्या स्पर्धेतून, पुढे आला. एकोणीस वर्षांचा होता, कार्टिंगची कारकीर्द नव्हती. दोन वर्षांत तो ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत आपल्या गटात तिसऱ्या क्रमांकाच्या संघात होता. सिम्युलेटर वळणं पाठ करून देतो, ब्रेकची जागा शिकवतो. भीती आणि उष्णता शिकवत नाही. चेन्नईच्या उन्हात बंद गाडीत, अग्निरोधक पोशाखात, हेल्मेट घालून बसल्यावर काय होतं हे खोलीत बसून कळत नाही. म्हणून शरीर तयार करा. व्यायामाची सवय नसेल तर रेसिंगच्या आधी ती लावा.

मग लायसन्स. आरटीओचं नव्हे, स्पर्धेचं. ते देते फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्स ऑफ इंडिया. वैद्यकीय तपासणी होते, कागद होतात, आणि मग अधिकृत शर्यतीत नाव लागतं. हे लायसन्स नसेल तर तुम्ही कितीही वेगात गाडी चालवा, तुमच्या नावावर एकही निकाल नाही. निकाल नाही तर प्रायोजक नाही. कारकीर्दीचा पहिला दिवस हा लायसन्सचा दिवस आहे.

त्यानंतर गट निवडा, आणि पाकिटाकडे बघून निवडा. एकाच बनावटीच्या गाड्यांच्या शर्यती नवख्यासाठी सर्वांत योग्य. सगळ्यांना सारखी गाडी, सारखे टायर. पैसा ओतून इंजिन वाढवण्याला वाव कमी. दुचाकीत टीव्हीएसची एकाच बनावटीची स्पर्धा १९९४ पासून चालू आहे. रॉयल एनफिल्डचा कॉन्टिनेंटल जीटी कप २०२१ मध्ये सुरू झाला. अशा स्पर्धांत शर्यतीची बाइक आयोजकांकडून मिळते. चारचाकीत फॉर्म्युला एलजीबी फोर आणि सलून गट आहेत. वयाने मोठे, नोकरी सांभाळून येणारे चालक तिथे नवीन नाहीत.

पैशाचं खरं सांगायला हवं. भारतात बहुतेक चालक शर्यतीत जागा मिळवायला स्वतः पैसे भरतात. प्रवेश शुल्क, टायर, प्रवास, मुक्काम, आणि धडकेत मोडलेल्या भागांचं बिल. हे शेवटचं बिल कुणी आधी सांगत नाही. ते आधी विचारा. कर्ज काढून शर्यत खेळू नका. घर गहाण टाकून तर मुळीच नाही. शर्यत जिंकून पोट भरणारे आपल्या देशात मोजके आहेत. पण शर्यतीच्या भोवती पोट भरणारे बरेच आहेत : नवख्यांना शिकवणारे, वाहन आणि टायर कंपन्यांसाठी गाड्या तपासणारे, कंपन्यांच्या ड्रायव्हिंग कार्यक्रमांत प्रशिक्षक होणारे, संघातले मेकॅनिक, आणि रॅलीतले सहचालक. नकाशा आणि नोट्स सांभाळणाऱ्या सहचालकाकडे फारसं कुणाचं लक्ष नसतं. स्वतःची गाडी घ्यावी लागत नाही, आणि रॅली आतून शिकता येते. उशिरा येणाऱ्याने ही खुर्ची आधी मागावी.

विम्याचं कुणीच बोलत नाही. वाहन विम्याच्या नेहमीच्या पॉलिसीत संघटित शर्यत आणि वेगाची चाचणी वगळलेली असते. वैयक्तिक अपघात विम्यातही धोक्याच्या खेळांबद्दल अटी असतात. आपली पॉलिसी बाहेर काढा, वगळलेल्या गोष्टींचं पान वाचा. घरात म्हातारे आई-वडील असतील तर हे पान वाचल्याशिवाय हेल्मेट घालू नका.

आणि आता पाम बीच मार्ग. वाशी ते बेलापूर, रुंद आणि सरळ. रात्री तिथे बाइक पळवणारी पोरं कोपरखैरणे, घणसोली, नेरूळ, सगळीकडची असतात. त्यातल्या काहींच्या हातात खरी कला आहे. पण त्या रस्त्यावर तुम्ही शर्यत शिकत नाही. समोरून येणारा, रस्ता ओलांडणारा, कामावरून सायकलने घरी निघालेला माणूस तुमच्या खेळात सामील झालेला नसतो. मोटार वाहन कायद्याचं कलम १८९ स्पष्ट आहे : परवानगीशिवाय सार्वजनिक ठिकाणी शर्यत लावली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, पुन्हा केली तर एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ट्रॅकवर मार्शल असतात, रुग्णवाहिका उभी असते, मानेला झटका बसू नये म्हणून कारचालकाच्या खांद्यावर हॅन्स नावाचं उपकरण असतं. पाम बीचवर यातलं काही नसतं. तिथला प्रत्येक विजय खोटा आहे आणि तिथलं प्रत्येक मरण खरं आहे.

पण नुसतं पोरांना रागावून भागत नाही. त्यांनी जायचं कुठे? राष्ट्रीय स्पर्धांच्या फेऱ्या प्रामुख्याने चेन्नई आणि कोइम्बतूरला होतात. नवी मुंबईहून चेन्नई तेराशे किलोमीटरच्या आसपास. प्रत्येक सरावाला एवढं अंतर कापायला लागलं, तर चोविसाव्या वर्षी सुरुवात करणाऱ्याचा उशीर आणखी वाढतो. आणि त्याच वयाचा चेन्नईतला मुलगा शनिवारी सकाळी घरून निघतो आणि दुपारी सराव करतो. या दोघांत वयाचा फरक शून्य आहे. फरक पत्त्याचा आहे.

ट्रॅक जवळ असला की काय होतं हे कोल्हापूरने दाखवलं आहे. मोहिते रेसिंग अकादमीने तिथे कार्टिंगचा ट्रॅक उभा केला, आणि त्या शहरातून ध्रुव मोहिते, कृष्णराज महाडिक, चित्तेश मंडोडी असे चालक राष्ट्रीय पातळीवर आले. कोल्हापूरच्या पाण्यात वेगळं काही नाही. तिथे चालवायला जागा होती, शिकवणारे होते, बघायला जमणारी माणसं होती.

नवी मुंबईकडे यापेक्षा जास्त आहे. ठाणे-बेलापूर रस्त्यालगत टीटीसी औद्योगिक पट्टा आहे. गॅरेज आहेत, लेथवर काम करणारे हात आहेत, वेल्डर आहेत, मेकॅनिकल शाखेचे विद्यार्थी आहेत. बोनकोडे, खैरणे, तुर्भे, घणसोली या गावांतली मुलं ट्रक-टेम्पोच्या चाकांजवळ वाढली आहेत. फक्त जागा नाही. आणि जागेवर या गावांचा हक्क आहे. ठाणे आणि रायगड जिल्ह्यांतल्या ९५ गावांच्या जमिनीवर सिडकोने हे शहर वसवलं. भातशेती आणि मिठागरं गेली, त्यावर मॉल आले, स्टेडियम आलं, टॉवर आले. त्या गावांच्या नातवंडांना एक किलोमीटरची वळणदार डांबरी पट्टी मागण्याचा अधिकार आहे.

२०२५ मध्ये नवी मुंबई महापालिकेने पाम बीच परिसरात रस्त्यावरची मोटार शर्यत भरवण्यासाठी आयोजकांशी करार केला. चांगलं आहे. अशा शर्यतीने शहराचं नाव होतं, मुलं जवळून गाड्या बघतात, मार्शल म्हणून काम करणारे स्थानिक तरुण तयार होऊ शकतात. पण शर्यत दोन दिवसांत आटोपते, अडथळे उचलले जातात, आणि बघायला आलेल्या मुलाच्या हातात चाक येत नाही. रस्त्यावरच्या शर्यतीसाठी जेवढी यंत्रणा राबते, तिचा छोटासा हिस्सा वर्षभर चालणाऱ्या ट्रॅकला दिला, तर शहराला प्रेक्षकांबरोबर चालकही मिळतील.

मागणी साधी आहे. महापालिका, सिडको आणि एमआयडीसी या तिघांनी मिळून औद्योगिक पट्ट्यात, वस्तीपासून दूर, कार्टिंगचा एक सार्वजनिक ट्रॅक करावा. आवाजाची तक्रार येऊ नये म्हणून विजेवरचे कार्ट ठेवावेत. फेडरेशनच्या नियमांत बसेल असा ट्रॅक, मान्यताप्राप्त प्रशिक्षक, तपासलेली हेल्मेट. प्रकल्पग्रस्त गावांतल्या मुलामुलींना शुल्कात सवलत. महिलांसाठी राखीव वेळ. वयाची वरची अट मात्र नको. पस्तीस वर्षांची शिक्षिका आली तर तिला आत घ्या; पुण्याच्या एका शिक्षिकेने काय केलं ते आपण पाहिलं आहे. आणि पाम बीचवर रात्री पकडलेल्या पोरांना दंडाबरोबर या ट्रॅकवर काही तास मार्शलचं काम करायला लावा. शर्यतीत सुरक्षेला किती माणसं लागतात हे त्यांना तिथे कळेल.

नगरसेवकांनी हा विषय सभागृहात मांडावा. इथल्या कारखानदारांनी एकेक कार्ट पुरस्कृत करावा. अभियांत्रिकी महाविद्यालयांनी मुलांना त्या कार्टची देखभाल शिकवावी. यातलं काहीच अशक्य नाही, फक्त कुणीतरी पहिला अर्ज करायला हवा.

आणि बोनकोड्यातल्या, कोपरखैरण्यातल्या घरांना एक सांगणं. मुलगा चोवीसचा असो, मुलगी तिशीची असो, त्यांनी शर्यतीचा विषय काढला तर वयावरून उडवून लावू नका. त्यांना तीन प्रश्न विचारा : लायसन्स काढलंस का, विम्याचं पान वाचलंस का, आणि दोन वर्षांचे पैसे कुठून येणार? तिन्हींची उत्तरं असतील तर त्यांना जाऊ द्या. नसतील तर उत्तरं शोधायला त्यांच्या बरोबर बसा.